तळघरातला पेलेट स्टोव्ह : आधी भिंत, मग आग

उघड्या काँक्रीटच्या तळघरात पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणारी शेगडी) बसवला की थोड्याच दिवसांत एक तक्रार सुरू होते : स्टोव्हपुढे घाम फुटतो आणि चार पावलं मागे सरकलं की हुडहुडी भरते. दोष बहुतेक वेळा स्टोव्हचा नसतो. उष्णता तयार होते, पण भिंत ती गिळते.

हिशेब मांडून पाहू. तळघर 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद. भिंती 20 सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या, त्यातला 60 सेंटिमीटरचा पट्टा जमिनीच्या वर. आत 20 अंश सेल्सिअस, बाहेर उणे 5. अशा भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे 3.3 वॉट उष्णता निसटते. जमिनीवरचा पट्टा भरतो 21.6 चौरस मीटर, म्हणजे गळती जवळपास 1,800 वॉट, दिवसाला 43 युनिट. एक किलो पेलेटमध्ये साधारण 4.8 युनिट ऊर्जा असते आणि 80 टक्के कार्यक्षमतेचा स्टोव्ह त्यातली 3.8 युनिट खोलीत देतो. म्हणजे रोज 11 किलो पेलेट नुसते त्या पट्ट्यातून बाहेर जातात. मातीत गाडलेल्या भागाची आणि फरशीची गळती वेगळीच. त्याच पट्ट्यावर आतून 5 सेंटिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचा कडक तक्ता) लावला की गळती 300 वॉटवर येते आणि 11 किलोचे 2 किलो होतात.

गारठा वाटण्याचं कारणही याच आकड्यांत आहे. हवा 20 अंशांवर असली तरी या उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग 9 अंशांच्या आसपास राहतो. शरीराची उष्णता त्या थंड पृष्ठभागाकडे प्रारणाने जात राहते, म्हणून थर्मामीटर 20 दाखवत असतानाही अंगाला त्याहून बरंच थंड वाटतं. शिवाय 20 अंशांच्या हवेत 50 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर दवबिंदू (हवेतली वाफ थेंब होऊन जमते ते तापमान) नेमका 9 अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे भिंतीला घाम फुटणार आणि मागोमाग बुरशी येणार. फोम लावल्यावर पृष्ठभाग 18 अंशांवर चढतो आणि दोन्ही त्रास एकदम थांबतात.

संध्याकाळपुरताच स्टोव्ह लावू, हा विचारही उघड्या काँक्रीटपुढे टिकत नाही. या चार भिंतींचं वजन 38 टनांच्या घरात जातं आणि त्या 5 अंशांनी तापवायला सुमारे 47 युनिट लागतात. 8 किलोवॉटचा स्टोव्ह पूर्ण ताकदीवर सहा तास फक्त भिंतीच तापवत बसेल.

म्हणून आधी भिंत. पण त्याही आधी पाणी. भिंतीवर 60 बाय 60 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर ओल भिंतीतून येते आहे; पन्हळी आणि घराबाहेरचा उतार दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतली आर्द्रता आहे आणि फोमने काम भागेल. फोमचे तक्ते थेट काँक्रीटला चिकटवा, सांधे टेपने बंद करा, वर 12.5 मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावा. तो वगळू नका, कारण उघडा फोम आगीत झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. भिंतीच्या माथ्यावर, वरच्या मजल्याच्या तुळया टेकतात तिथे, फटी हमखास असतात. तिथे फोमचे तुकडे कापून बसवा आणि कडा स्प्रे फोमने भरा. स्टोव्हची क्षमता ठरवायची ती हे सगळं झाल्यावर. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह कायम मंद धुमसतो, काच काळी पडते आणि नळीत काजळी साचते.

भिंत आधी करायचं आणखी एक कारण म्हणजे धुराची नळी. फोम आणि बोर्डमुळे भिंत जाड होते, स्टोव्हची मागची मोजमापं बदलतात, आणि नळी भिंतीतून नेणारी चौकट त्या जाडीलाच बेतावी लागते. नळी पेलेटसाठीच बनवलेली दुहेरी भिंतीची हवी. गॅस गीझरची चालत नाही. ज्वलनशील वस्तूंपासून तिचं अंतर सहसा किमान 75 मिलिमीटर असतं, आणि फोम ज्वलनशीलच आहे. स्टोव्हमधला पंखा धूर ओढून नळीत ढकलतो, त्यामुळे नळीत दाब असतो. लाकडाच्या चुलीच्या धुराड्यात फटीतून हवा आत शिरते, इथे त्याच फटीतून धूर खोलीत येतो. प्रत्येक सांधा उच्च तापमानाच्या सिलिकॉनने बंद करा.

नळीची लांबी मोजण्याची उत्पादकांची नेहमीची रीत अशी : प्रत्येक 90 अंशांचा कोपर किंवा टी (तीन तोंडांचा जोड) म्हणजे दीड मीटर, आडवी नळी जेवढी तेवढी, उभी नळी निम्मी. बेरीज साडेचार मीटरच्या वर गेली तर 75 ऐवजी 100 मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. तळघरातून टी, दीड मीटर उभी, एक कोपर आणि 60 सेंटिमीटर आडवी एवढ्यातच 4.35 मीटर होतात. अंतिम शब्द मात्र तुमच्या स्टोव्हच्या पुस्तिकेचा. नळीचं तोंड जमिनीपासून किमान 30 सेंटिमीटर वर हवं, बर्फ साचणाऱ्या जागी त्याहून बरंच जास्त.

उभी नळी वीज गेल्यावरही उपयोगी पडते. पंखा थांबला तरी स्टोव्हमधल्या जळण्याच्या भांड्यात मूठभर पेलेट जळत राहतात आणि उभ्या नळीतला नैसर्गिक ओढा तो धूर वर नेतो. सोबत शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच लहर देणारा) यूपीएस ठेवा : पेटवताना काही मिनिटं 300 ते 400 वॉट लागतात, नंतर साधारण 100.

ज्वलनाची हवा धातूच्या नळीने थेट बाहेरून आणा. हिवाळ्यात गरम हवा वरच्या मजल्यांतून निसटते, तळघरातला दाब कमी होतो, आणि तिथेच गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळघरात एक आणि झोपण्याच्या मजल्यावर एक, हे टाळू नका.

पेलेटच्या पिशव्या काँक्रीटवर टेकवू नका, लाकडी पॅलेटवर ठेवा. ओल लागली की गोळ्या फुगून भुसा होतात आणि ऑगर (गोळ्या भांड्याकडे सरकवणारा स्क्रू) अडकतो. ज्योत आखूड व चपळ राहण्याऐवजी लांब, नारिंगी आणि सुस्त झाली तर आधी जळण्याचं भांडं खरवडा, मग दाराचं गॅस्केट (कडेची फट बंद करणारी पट्टी) तपासा : दारात कागद धरून दार लावा, कागद सहज सरकला तर गॅस्केट बदला.