नजर चोरली म्हणजे खोटं बोलला?

‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. नजर चोरली, त-त-प-प झालं, चेहरा पडला, की समोरचा थाप मारतोय हे आपण ठरवूनच टाकतो. जगभर हेच चालतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, की खोटं बोलणारा माणूस तुम्ही कसा ओळखता? जवळपास ६४ टक्के लोकांच्या उत्तरात एक गोष्ट होतीच: तो नजरेला नजर देत नाही.

ही समजूत चुकीची आहे. २००३ साली मानसशास्त्रज्ञ बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून खोटेपणाच्या १५८ खुणा तपासल्या. बहुतेक खुणा फोल किंवा अगदी कमजोर निघाल्या आणि नजरेचा तर खोटेपणाशी संबंधच दिसला नाही. डोळे वर उजवीकडे गेले की माणूस गोष्ट रचतोय, हा दावा अजूनही रील्समधून फिरतो. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तोही तपासला. त्यातही काही तथ्य आढळलं नाही.

मग निव्वळ बघून-ऐकून आपण किती ओळखतो? चोवीस हजारांहून जास्त लोकांच्या निवाड्यांची बेरीज २००६ साली मांडली गेली. अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. त्यातही खरं बोलणाऱ्याला खरं ठरवण्याचं प्रमाण ६१ टक्के होतं आणि खोटं पकडण्याचं ४७.

हे आकडे व्यवहारात लावून पाहा. महापे-ऐरोलीच्या एखाद्या ऑफिसात १०० उमेदवारांची मुलाखत आहे आणि त्यातले १० जण अनुभवाबद्दल खोटं सांगतायत, असं धरा. चेहरे बघून निवड करणारा त्यातले जेमतेम ५ पकडेल. उरलेल्या ९० प्रामाणिक लोकांपैकी ३९ टक्के, म्हणजे ३५ जणांवर त्याचा उगाच संशय येईल. एकूण ४० संशयितांमध्ये ३५ निर्दोष. ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करावा.

शरीर खोटेपणा दाखवत नाही, ते ताण दाखवतं. घाबरलं की ॲड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीनेही हेच सगळं होतं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाच्या अन्नात विष कालवणाऱ्याची लक्षणं दिली आहेत. तो विचारल्यावर उत्तर देत नाही, बोलताना गोंधळतो, बोटं मोडतो, जमीन उकरतो, कारण नसताना हसतो. पण त्याच अध्यायात पुढे बजावलंय, की राजाच्या भीतीने किंवा त्याच्या हुकमाच्या घाईत चांगली माणसंही अशीच वागतात. इतकी जुनी आणि इतकी नेमकी सावधगिरी आपण विसरलो याचं वाईट वाटतं.

सोसायटीत दागिना हरवला की पहिला संशय घरकाम करणाऱ्या बाईवर जातो. तिच्या तोंडाला कोरड पडते ती काम जाईल या धास्तीने. चोर शोधायला मंतरलेले तांदूळ चघळायला देण्याची प्रथा याच कोरडेपणावर उभी आहे. त्यात मंत्राचा काही भाग नाही आणि भरडला जातो तो भित्रा माणूस. पॉलिग्राफ यंत्रसुद्धा श्वास, रक्तदाब आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता एवढंच मोजतं. अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं.

खोटं बोलण्यात खरा भार मेंदूवर पडतो. खरं काय ते दाबायचं, त्या जागी पटेल असं काही रचायचं, ऐकणाऱ्याला आधीच किती ठाऊक आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मघाशी काय बोललो तेही ध्यानात ठेवायचं. हे सगळं एकाच वेळी ‘वर्किंग मेमरी’त, म्हणजे हातातल्या कामापुरत्या स्मृतीत चालतं आणि तिची जागा फार थोडी असते. म्हणून थाप मारणारा चुळबुळ करेल ही अपेक्षाही फसते. उलट हातांची हालचाल किंचित कमी होण्याकडेच कल दिसतो. नजर वळते तीही बऱ्याचदा विचार करण्यासाठी. मागच्या मंगळवारी रात्री काय जेवलात, असं कुणालाही विचारा, तो छताकडे बघेल.

या मर्यादेचा उपयोग प्रश्नांच्या क्रमातून करता येतो. स्वीडनमधल्या हार्टविग, ग्रानहाग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पोलिस प्रशिक्षणार्थींना हातातला पुरावा शेवटपर्यंत राखून ठेवायला शिकवलं. शिकलेल्यांची अचूकता सुमारे ८५ टक्के झाली, न शिकलेल्यांची ५६ वरच राहिली.

समजा, घोडबंदर रोडला भाड्याने फ्लॅट बघायला गेलात. आत शिरताना टँकरचा पाइप सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलेला दिसला. हे मनातच ठेवा. पहिला प्रश्न मोकळा टाका, ‘पाण्याचं कसं आहे इथे?’ आणि गप्प राहा. सरळ एजंट बहुधा टँकरचा विषय स्वतःच काढतो. लपवणारा म्हणतो, ‘पाण्याचं टेन्शनच नाही, चोवीस तास.’ मग विचारा, ‘महापालिकेचं पाणी टाकीत किती वाजता येतं?’ त्यानंतर, ‘कधी आलंच नाही तर सोसायटी काय करते?’ आणि मग, ‘या महिन्यात टँकर मागवला होता का?’ तो ‘छे, कधीच नाही’ म्हणाला, की शेवटी पाइपचं विचारा.

पाइपचं आधीच बोललात तर ‘तो बागेसाठी असतो’ हे उत्तर तयार असतं. आता ते देता येत नाही, कारण टँकर येतच नाही हे त्याच्याच तोंडून आलेलं असतं. पाणीपुरवठ्याचा शटडाउन असेल, टाकी नुकतीच धुतली असेल, तर ते सांगायची संधी प्रामाणिक माणसाला तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात मिळून जाते. म्हणून हे प्रश्न गाळू नयेत.

ही पद्धत बिघडते ती बहुतेक घाईमुळे. पाइप शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीत होता का, याची आधी खात्री हवी. न पाहिलेलं पाहिलं असं तर मुळीच सांगू नये. उत्तरांत बारीकसारीक फरक पडला म्हणून लगेच खोटेपणा समजू नका. खरी आठवणसुद्धा दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि तपशील हलतात. घोकलेली गोष्ट मात्र पुन्हा तशीच्या तशी येऊ शकते.

एक शक्यता कायम राहते: एजंटला खरंच माहीत नसेल, मालकाने सांगितलं ते तो पुढे सांगत असेल. तेव्हा ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारा आणि मालकाकडे मागच्या तीन महिन्यांची मेंटेनन्सची बिलं मागा. टँकरचा खर्च त्यात वेगळा दाखवला नसेल, तर पंप चालवणाऱ्याला किंवा गेटवरच्या वॉचमनला विचारा, टँकर किती दिवसांनी येतो आणि आल्यावर सही कोण करतं.