शंखनाद आणि शंखध्वनी

संस्कृतच्या हिशेबानं दोन्ही एकच: शंखाचा आवाज. मराठीत मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. ‘महापालिकेसमोर शंखध्वनी’ अशी बातमी आली, की राजीव गांधी भवनासमोर नेमकं काय झालं हे नाशिककराला फोटो पाहिल्यावरच कळतं.

शंखनादाला खरा शंख लागतो, रामकुंडावर गोदेच्या आरतीला फुंकतात तसा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात पांचजन्य, देवदत्त, पौंड्र हे शंख लढाईच्या तोंडावर वाजतात; ‘प्रचाराचा शंखनाद’ तिथूनच आला. करोनाकाळात बंद असलेली मंदिरं उघडा म्हणून भाजपनं ३० ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर आंदोलन केलं, तेही शंखनादच. मागणी देवळांची होती, शंख शोभला.

शंखध्वनीला शंख लागत नाही, हात पुरतो. पालथी मूठ तोंडावर आपटत ओरडायचं, म्हणजे बोंब ठोकायची. ‘शंख करणे’ हे तिचंच जरा सोवळं नाव. (नुसता ‘शंख’ म्हणजे बावळट, तो आणखी निराळा.) बोंबेची हक्काची जागा होळी. शिमग्यात कुणाच्याही नावानं बोंब मारा, राग धरायचा नाही असा संकेत. नाशिकला तर धुळवडीचे वीर (देवादिकांची सोंगं घेऊन निघणारी मिरवणूक) आणि रंगपंचमीच्या रहाडीपर्यंत (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) हा मोकळेपणा टिकतो.

पण बोंबेला दुसरीही जागा आहे, स्मशान. खांद्यावरचं मडकं फुटलं की अग्नी देणारा पालथ्या हातानं बोंब मारतो. म्हणूनच एरवी पोरानं घरात तसं केलं, की आजी खेकसते, ‘अरे, कोण मेलंय का?’ साहेबाच्या दारात बोंबाबोंब आंदोलन झालं की ते झोंबतं, त्याचं कारण मला इथं दिसतं. घोषणेत निदान मागणी असते, उत्तर देता येतं. बोंबेत शब्दच नाही; शिमगा म्हणून हसावं, तर मागून सुतक डोकावतं. निवेदन घ्यायला बाहेर न येणारा अधिकारी खिडकी मात्र लावून घेतो.

आता काही ठिकाणी कार्यकर्ते खरा शंख आणूनही ‘शंखध्वनी आंदोलन’ असा फलक लावतात. व्याकरणात चूक नाही, पण जुन्या पंचवटीकराला वाचून हसू येतं.