जॉन गिल्बर्टचा आवाज खरंच चिरका होता का?

हॉलिवूडच्या मूकपटांचा नायक जॉन गिल्बर्ट १९२९ मध्ये ‘हिज ग्लोरियस नाइट’मध्ये बोलला, त्याचा चिरका आवाज ऐकून प्रेक्षक हसले आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

त्याचे बोलपट आजही उपलब्ध आहेत. ‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) लावून स्वतः ऐका. आवाज फार भारदस्त नाही, पण अगदी सर्वसाधारण पुरुषी आहे. ‘हिज ग्लोरियस नाइट’मध्ये लोक हसले ते संवादांना. मूकपटात नजरेनं व्यक्त होणारं उत्कट प्रेम ‘आय लव्ह यू’च्या पुनरावृत्तीत हास्यास्पद वाटू लागलं. हा दोष लेखनाचा होता, गळ्याचा नव्हे.

शिवाय कारकीर्द तिथे संपलीही नाही. १९३४ पर्यंत तो बोलपटांत काम करत होता. ‘डाउनस्टेअर्स’ची (१९३२) कथा तर त्याचीच, आणि त्यातला त्याचा खलनायकी शोफर (मोटारचालक) मला फार आवडतो. ‘क्वीन क्रिस्टिना’साठी तिची नायिका ग्रेटा गार्बोनं लॉरेन्स ऑलिव्हिएऐवजी त्याचाच आग्रह धरला होता.

एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयरनं मुद्दाम त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण बिघडवलं, ही कथाही सिद्ध झालेली नाही. दोघांचं वैर मात्र खरं होतं. त्यात दारूनं गिल्बर्टचं शरीर पोखरलं. १९३६ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला.