घशातले आम्लपित्त आणि आहार

जठरातील आम्ल आणि पाचकरस अन्ननलिकेतून वर चढून घसा व स्वरयंत्रापर्यंत पोचतात, तेव्हा होणाऱ्या विकाराला लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स, थोडक्यात एलपीआर, म्हणतात. छातीतली जळजळ ही आम्लपित्ताची ओळखीची खूण. पण या विकारात ती पुष्कळांना जाणवतच नाही. त्यामुळे त्याला सायलेंट रिफ्लक्स असेही नाव पडले आहे. रुग्ण सांगतो ते वेगळेच असते: सकाळी उठल्यावर आवाज बसलेला, सारखे घसा खाकरणे, कोरडा खोकला, आवंढा गिळला तरी खाली न जाणारा एक गोळा, नाकामागून कफ उतरत असल्याचा भास. सर्दी आणि ॲलर्जीची औषधे घेऊन महिने उलटतात आणि मग कधीतरी कोणी विचारते, ‘रात्री जेवता किती वाजता?’

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेमी कॉफमन यांनी १९९१ मध्ये २२५ रुग्णांच्या २४ तासांच्या पीएच-नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पीएच म्हणजे आम्लतेचे माप: अंक जितका लहान, तितकी आम्लता जास्त. घशातला हा विकार छातीतल्या जळजळीपेक्षा वेगळा मानायला हवा, या विचाराला त्यातून बळ मिळाले. आहाराचा परिणाम समजून घ्यायचा तर हा वेगळेपणा आधी पाहावा लागतो. अन्ननलिकेत आम्ल आले तर तिचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून ते खाली लोटतात आणि गिळलेली लाळ उरलेले आम्ल मारते. थोडेफार आम्ल रोज वर येणे निरोगी माणसातही चालते. स्वरयंत्राच्या आवरणाला असे संरक्षण जवळजवळ नाही. अन्ननलिकेने सहज पचवलेला शिंतोडा तिथे सूज आणतो.

शिवाय वर येते ते नुसते आम्ल नसते. त्यासोबत पेप्सिन असते. प्रथिने तोडणारे हे विकर थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधले. पीएच २ च्या आसपास ते सर्वांत जोमात काम करते, आम्लता कमी झाली की मंदावते आणि पीएच ७ ला निष्क्रिय होते. पण मरत नाही. ते घशाच्या पेशींना चिकटून बसते, पेशींच्या आतही शिरते आणि पुन्हा आम्ल मिळाले की जागे होते. पीएच ८ च्या वर गेल्यावरच ते कायमचे निकामी होते. हे आम्ल खालूनच यायला हवे असे नाही, ते ताटातून किंवा पेल्यातूनही येऊ शकते. आहाराचा प्रश्न म्हणूनच दुहेरी आहे: काय खाल्ल्याने जठरातले वर येते, आणि काय गिळताना घशातले पेप्सिन जागे होते.

दुसरी बाजू सहसा विसरली जाते. आवाज बसला की माणूस कोमट पाण्यात लिंबू आणि मध घालून घोट घोट पितो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या दरम्यान असतो. पाण्याने तो पातळ झाला तरी पेय आम्लच राहते. घसा साध्या संसर्गाने बसला असेल तर हरकत नाही. एलपीआर असेल तर मात्र हा घरगुती इलाज रोज सकाळी पेप्सिनला उठवण्याचे काम करतो. कोला जातीच्या पेयांचा पीएच साधारण २.५ असतो, संत्र्याच्या रसाचा साडेतीन ते चार, टोमॅटोचा साडेचारच्या आत-बाहेर. व्हिनेगर त्याहून बरेच आम्ल. पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे ध्यानात घेतले की पाचच्या आसपासचे केळे आणि अडीचचा कोला यांच्यातली दरी कळते. कलिंगड पाचच्या वर, दूध साडेसहाच्या पुढे.

पहिल्या बाजूचा हिशेब चवीवरून लागत नाही. कॉफीचा पीएच पाचच्या जवळ, म्हणजे ती फारशी आंबट नाहीच. तिचा उपद्रव असा की ती जठराला आम्ल स्रवायला लावते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायूंचे कडे सैल करू शकते. चॉकलेट, पुदिना आणि मद्य यांचाही त्या कड्यावर असाच परिणाम होतो. पोट शांत करणारा म्हणून पुदिन्याचा लौकिक आहे. तो स्नायू शिथिल करतो म्हणूनच, आणि इथे नेमके तेच नको असते. तळलेले, तुपकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळते. फसफसणाऱ्या पेयांनी जठर फुगते, ढेकर येते आणि ढेकरेबरोबर आम्लाचे सूक्ष्म थेंब थेट घशात उडतात. दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्लाचा स्राव वाढवतात.

काय खावे याच्या याद्यांना मिळणारे महत्त्व प्रस्तुत लेखकाला थोडे जास्तच वाटते. किती खाल्ले आणि केव्हा आडवे झालो, याचा वाटा बहुधा मोठा असतो. गच्च भरलेले जठर ते कडे वारंवार उघडते. झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणे विरळ होते आणि आडव्या शरीरात आम्लाला चढ उरत नाही. जेवण आणि झोप यांत निदान तीन तासांचे अंतर ठेवा हा सल्ला त्यातूनच आला. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते. उजव्या कुशीवर उलटे होते. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो, म्हणून वजन उतरवण्याचाही उपयोग होतो.

पुरावा किती भक्कम आहे? २०११ मध्ये कॉफमन यांनी औषधांना दाद न देणाऱ्या २० रुग्णांना निदान दोन आठवडे पीएच ५ च्या खालचे सर्व पदार्थ बंद केले. १९ जणांना फरक पडला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरता येत नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका चिकित्सालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या: मुख्यतः वनस्पतिजन्य, भूमध्यसागरी धर्तीचा आहार आणि अल्कधर्मी पाणी घेणाऱ्या ९९ जणांपैकी ६२.६ टक्क्यांना, तर आम्लरोधक गोळ्या घेणाऱ्या ८५ जणांपैकी ५४.१ टक्क्यांना ठळक आराम पडला होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध होण्याइतका नाही. आहार गोळ्यांपेक्षा मागे पडला नाही, एवढेच त्यातून निघते. गोळ्यांची बाजूही तशी लंगडीच. ब्रिटनमधील ३४६ रुग्णांच्या चाचणीत १६ आठवडे लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध घेणारे आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे यांच्यात घशाच्या तक्रारींबाबत फरक दिसला नाही, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. गोळी आम्ल कमी करते; पेप्सिन आणि उलटा प्रवाह तसेच राहतात.

व्यवहारात बहुतेक तज्ज्ञ काही आठवडे कडक पथ्य सांगतात आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहतात. एकाला टोमॅटो बाधतो, दुसऱ्याला कच्चा कांदा, तिसऱ्याला दोन्ही चालतात. एकदम सगळे सोडून एकदम सगळे सुरू केले तर काय बाधले ते कळत नाही. घशाची सूज उतरायला महिने लागू शकतात, आणि पथ्य पाळूनही खाकरण्याची सवय तशीच राहिली तर स्वरतंतू एकमेकांवर आपटून सूज टिकून राहते. खाकरावेसे वाटले की पाण्याचा घोट घ्यायला सांगतात तो याचसाठी.

घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा गिळताना दुखणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ, कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही आढळले, तर पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे लागते. धूम्रपान करणाऱ्यांनी तर चार आठवडेही थांबू नये.