मूक अक्षर आणि न उसवलेला टाका

ठाण्यात घोडबंदर रस्त्याने मानपाड्याकडे जाताना काही दिवसांपूर्वी सलाईनमधून तारुण्य देऊ करणारा एक फलक दिसला. 'पेशींचे वय थांबवा' या ओळीखाली केस गळालेल्या, चेहरा सुकलेल्या एका मुलाचे चित्र होते. त्याच आठवड्यात तसेच एक छायाचित्र आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आले. तिथे दोष आईने गरोदरपणी ग्रहण न पाळण्याला दिला होता. दोन्ही चित्रे प्रोजेरियाची होती.

ब्रिटिश वैद्य हचिन्सन यांनी १८८६ मध्ये प्रथम नोंदवलेला हा आजार सुमारे ४० लाख जन्मांमागे एका बाळाला होतो. वर्षा-दोन वर्षांत वाढ खुंटते, केस आणि त्वचेखालची चरबी जाते, आणि उपचारांविना सरासरी साडेचौदाव्या वर्षी, बहुतेकदा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने, मृत्यू येतो. मात्र या मुलांना मोतीबिंदू किंवा स्मृतिभ्रंश होत नाही, आणि त्यांची बुद्धी वयाला साजेशी असते. त्यामुळे याला सरसकट 'वेगाने आलेले म्हातारपण' म्हणणे मला पटत नाही.

शाळेत शिकल्याप्रमाणे डीएनएमधील तीन अक्षरांचा एक शब्द एक अमिनो आम्ल सांगतो. लॅमिन ए या प्रथिनाच्या जनुकात ६०८वा शब्द जीजीसी असतो, म्हणजे ग्लायसिन. प्रोजेरियाच्या बहुसंख्य मुलांत, जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत, त्यातील शेवटच्या सीचा टी झालेला असतो. पण जीजीटी म्हणजेही ग्लायसिनच. 'आणि'ऐवजी 'आणी' लिहिले तरी वाचणाऱ्याला अर्थ तोच कळतो, तसेच हे. पाठ्यपुस्तके अशा बदलाला मूक उत्परिवर्तन म्हणतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. २००३ साली अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांचा गट आणि फ्रान्समधील एक गट स्वतंत्रपणे याच अक्षरापाशी येऊन थांबले, तेव्हा या मूक अक्षराचा आवाज ऐकू आला.

जनुकाची आरएनए-प्रत जशीच्या तशी वापरली जात नाही. शिंपी खडूच्या खुणांवर कापड बेततो, तशी पेशीतील यंत्रणा विशिष्ट अक्षररांगा ओळखून नको ते भाग कापते आणि एक्झॉन नावाचे कामाचे तुकडे जोडते. या जनुकाच्या अकराव्या एक्झॉनमध्ये, त्याच्या खऱ्या टोकाच्या १५० अक्षरे आधी, कापण्याच्या खुणेसारखी दिसणारी एक पुसट रांग मुळातच असते, तुमच्या-माझ्यातही. एरवी यंत्रणा तिच्याकडे जवळपास दुर्लक्षच करते. बदललेले अक्षर नेमके या खुणेतील, कापण्याच्या जागेनंतरचे, सहावे. सीचा टी होताच पुसट खूण ठळक होते, कात्री पुष्कळदा तिथेच चालते आणि पुढची १५० अक्षरे गळून पडतात. १५०ला तीनने भाग जातो, हा यातला सर्वांत क्रूर भाग आहे: बरोबर ५० शब्द वजा होतात, त्यापुढचे वाचन सुरळीत चालू राहते आणि प्रथिनाची शेपटी शाबूत उरते.

घात या शेपटीतच आहे. लॅमिन ए हे पेशीकेंद्रकाच्या आवरणाचे आतले अस्तर. ६६४ अमिनो आम्लांचे कच्चे प्रथिन तयार झाले की त्याच्या शेपटीला फार्नेसिल नावाचा तेलकट रेणू जोडला जातो, आणि त्याच्या आधाराने ते आवरणाला चिकटते. शिंपी अस्तर आधी कच्च्या टाक्यांनी धरून ठेवतो आणि पक्की शिवण झाली की ते टाके उसवतो. इथेही एक विकर (एन्झाइम) शेवटची अठरा अमिनो आम्ले टाक्यासकट छाटते आणि ६४६ अमिनो आम्लांचे पक्के लॅमिन ए मोकळे होते. छाटण्याची ती जागा गळालेल्या पन्नासांतच होती. अशा प्रथिनाला, म्हणजे प्रोजेरिनला, टाका पडतो पण तो उसवता येत नाही. आवरणाला कायमचे चिकटलेले प्रोजेरिन साठत जाते आणि केंद्रक गोलसर न राहता वेडेवाकडे फुगते. सतत ताण सोसणाऱ्या धमन्यांच्या भिंतींतील स्नायुपेशी यात झपाट्याने नाश पावतात. चेतापेशी लॅमिन ए मुळातच फार कमी बनवतात, म्हणून मेंदू बचावतो.

हा बदल जवळपास नेहमीच नव्याने घडतो. आई-वडिलांच्या रक्तात तो नसतो. एक अक्षर नकलताना चुकते, ग्रहणाच्या दिवशी काय आणि इतर दिवशी काय. आधीच खचलेल्या आईच्या माथी दोष मारणारे संदेश पुढे पाठवणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. फलकाबद्दल एवढे कबूल करायला हवे की निरोगी माणसांच्या पेशींतही अत्यल्प प्रोजेरिन बनते, हे २००६ मध्ये दिसून आले. त्यावरून सलाईनमधून तारुण्य विकणे मात्र विज्ञानात बसत नाही.

टाका उसवत नसेल तर तो घालूच द्यायचा नाही, हा विचार उपचारामागे आहे. लोनाफार्निब हे फार्नेसिल जोडणाऱ्या विकराला रोखणारे औषध मुळात कर्करोगासाठी बनवले गेले होते. ज्या रोगावर आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये संशोधन चालते, त्याच रोगासाठी. कर्करोगात त्याने निराशा केली, पण नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत ते प्रोजेरियासाठी मंजूर झाले. दीर्घकाळच्या पाहणीत त्याने आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढलेले दिसले.

२०२१मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड लिऊ आणि कॉलिन्स यांच्या गटांनी थेट अक्षरच दुरुस्त करून पाहिले. मानवी जनुकाची चुकलेली प्रत असलेल्या उंदरांत टीसमोरच्या धाग्यावरील ए रासायनिक रीतीने बदलला, की पेशी तो जी म्हणून वाचते आणि समोर पुन्हा सी बसवते. डीएनएचे दोन्ही धागे तोडावे लागत नाहीत. एका इंजेक्शनने या उंदरांचे मध्यक आयुर्मान २१५ दिवसांवरून ५१० दिवसांवर गेले.