मीटर हवा मोजतं, पट्टी मासा तपासते

भुसावळच्या मासळी बाजारात परवा पुन्हा तेच झालं. माशाला टिकवायला फॉर्मालिन लावलंय का ते बघायला एका गिऱ्हाइकानं ऑनलाइन मागवलेलं, फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूचं मीटर कटल्याच्या पाटीवर धरलं आणि आकडा चढला. "मीटर लाल व्हयनं ना भो!" एवढ्यावर विकणाऱ्या मावशींची निम्मी पाटी तशीच राहिली. त्या माणसानं मिनिटभर आधी हाताला सॅनिटायझर चोळलं होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

माशातलं फॉर्मालिन तपासायला खरं तर कागदी पट्टी असते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेची, 2018 साली केरळात फॉर्मालिनची मासळी पकडली तेव्हा गाजलेली. कागद माशावर घासा, द्रावणाचा थेंब टाका, रंग तक्त्याशी ताडून बघा.

घोळ आहे तो मीटरचा. ते घरातल्या हवेसाठी असतं: नवं प्लायवुड, ताजा रंग. स्वस्त मीटरमध्ये बहुधा टिन ऑक्साइडसारखा तापवलेला थर असतो. वाफ लागली की त्याचा विद्युत रोध बदलतो, तोच आकडा होऊन दिसतो. वाफ कुणाची, हे थराला ओळखता येत नाही. अल्कोहोल, अमोनिया, गॅस, कशानंही तो हलतो. शिळ्या माशातूनही अमोनिया सुटतोच.

याहून घातक आहे ती उलटी चूक. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं साधारण 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड. माशाला लावलं की त्यातलं बरंचसं मांसातल्या प्रथिनांना चिकटतं; मांस ताठ होतं ते म्हणूनच. उरलेलं ओलाव्यात मुरतं. त्यात मासा बर्फावर, म्हणजे हवेत येणार किती? मीटर शून्य दाखवतं, आपण निर्धास्त होऊन मासा घरी नेतो आणि पोरांना खाऊ घालतो. याचा मला खरंच राग येतो. पट्टी निदान माशाला स्पर्श तरी करते.

पट्टीलाही एक अडचण आहे. बोंबलात फॉर्मल्डिहाइड मुळातच तयार होतं, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बोंबलासारख्या माशांच्या गटाला किलोमागे 100 मिलिग्रॅमची मुभा दिली, बाकीच्या माशांना 4. तेव्हा सुक्या बोंबलावर रंग आला म्हणून विकणाऱ्याला धरू नका. हतनूर धरणाच्या रोहू-कटल्यावर गडद रंग आला, तर मात्र अन्न व औषध प्रशासनाला कळवा. खरा निकाल प्रयोगशाळेचाच.

मीटर घरी कपाटाशेजारी ठेवा. बाजारात पट्टीच न्या, डबीवरची मुदत बघून. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेली डबी वापरू नका.