तेल कोणतेही असो, चरबी कुठे साठते?

लाकडी घाण्यावर डोळ्यांदेखत काढून दिलेले शेंगदाण्याचे तेल आता नाशिकच्या अनेक घरांत पोहोचले आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यासोबत ‘या तेलाने वजन वाढत नाही’ हा समजही घरात आला आहे. तो चुकीचा आहे. घाण्याचे तेल, रिफाइंड तेल, साजूक तूप, मिसळीवरची तर्री, यांपैकी कशातूनही येणाऱ्या एक ग्रॅम स्निग्धांशातून शरीराला सुमारे 9 कॅलरी मिळतात. शिवाय प्रथिने पचवताना त्यांच्यातील 20 ते 30 टक्के ऊर्जा खर्ची पडते, तर स्निग्धांश पचवायला जेमतेम 3 टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे जास्तीचे तेल शरीर जवळजवळ पुरतेच साठवून ठेवते.

मग प्रकाराला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते नेमके साठवणुकीच्या जागेत आहे. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की तूप घट्ट होते, शेंगदाणा तेल गढूळ होते, सूर्यफुलाचे तेल मात्र पातळच राहते. स्निग्धांश ज्या साखळीसारख्या रेणूंचा बनतो ती मेदाम्ले. तुपात भरपूर असलेल्या संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असल्याने त्या एकमेकींना चिकटून बसतात; सूर्यफुलाच्या तेलातील असंपृक्त साखळ्यांना बाक असतो, म्हणून त्या सुट्या राहतात. रेणूंच्या रचनेतील हा फरक शरीरातही जाणवतो.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे नेहमीच्या आहारावर जास्तीचे मफिन खाऊ घातले. एका गटाच्या मफिनमध्ये संपृक्त मेदाम्ले भरपूर असलेले पामतेल होते, दुसऱ्याच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचे तेल. वजन दोन्ही गटांचे जवळजवळ सारखेच, सुमारे 1.6 किलो वाढले. परंतु पामतेलाच्या गटात यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती चरबी अधिक साठली, तर सूर्यफुलाच्या गटात वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा होता. काटा दोघांचा सारखा, पण मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका सारखा नव्हे, कारण यकृतातली आणि पोटातली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो: वजन प्रमाणावर ठरते, नुकसान बरेचसे प्रकारावर.

खोबरेल तेलाने वजन घटते, हा दावाही तपासून घ्यावा. मध्यम लांबीची मेदाम्ले थेट यकृताकडे जाऊन लवकर जळतात हे खरे. पण खोबरेलात सर्वाधिक असलेले लॉरिक आम्ल बव्हंशी लांब साखळ्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांतून, म्हणजे यकृताला वळसा घालणाऱ्या वाटेने जाते; त्यामुळे ते तसे लवकर जळत नाही. वनस्पती तुपासारखे घट्ट स्निग्ध पदार्थ बनवताना तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाम्लांबाबत मात्र दुमत नाही. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात. म्हणूनच भारतात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील त्यांची मर्यादा 2 टक्के आहे.

प्रमाणाचा हिशेब घरीच करता येतो. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल, म्हणजे 340 कॅलरींहून अधिक ऊर्जा पोटात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2000 कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. बाहेरचा वडा, फरसाण आणि मिसळीची तर्री यांतील तेल या डब्याच्या हिशेबात येतच नाही.